जिजाबाईची छाट

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीत बिड्या वळणाऱ्या बायका वीस-पंचवीस तरी होत्या. त्यांत ठेकेदाराच्या तपासनिसाला जिच्या टोपलीत वर्षानुवर्षं खोट सापडली नव्हती अशी एकच, जिजाबाई. दर शनिवारी बायका आपापला माल घेऊन जायच्या. तपासनीस एकेक कट्टा, म्हणजे पंचवीस बिड्यांची बांधलेली जुडी, हातात घेऊन दाबून बघायचा, आणि सैल, वाकडी, फाटक्या पानाची बिडी दिसली की बाजूच्या पिंपात भिरकावायचा. याला म्हणायचं छाट. छाट झालेल्या बिडीची मेहनत तर जायचीच, वर तो बाबा टाकता टाकता चारचौघींत काहीतरी बोलायचा, ते वेगळं. जिजाबाई लग्न होऊन आली त्या वर्षी तिलाही तो असंच काहीतरी बोलला होता. काय बोलला ते तिनं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पण तेव्हापासून ती घरीच छाट करू लागली. शंकेची बिडी दिसली की बाजूला. कधीकधी तर चांगलीसुद्धा, नुसत्या संशयावरून.

शेजारची रंभाबाई हळहळायची. "काहून टाकतं वं जिजे? चांगली तं हाय."

"त्यानं टाकाच्या आधी म्याच टाकली. लोकाच्या हातून कायले टाकून घ्याचं?"

हे तिचं वाक्य वस्तीत सगळ्यांना पाठ होतं, कारण ते बिडीपुरतं राहिलं नव्हतं. लग्नाला बोलावलं तर ही पहिल्या पंगतीला बसायची नाही, कुणी उठवलं तर? दुकानात चांगलं लुगडं दाखवायला सांगायची नाही, दुकानदार तोंड वाकडं करील. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, जिजाबाईनं ताक प्यायचंच सोडलं होतं.

आणि तरी या बाईच्या अंगात चौकसपणा असा, की विचारता सोय नाही. बसच्या कंडक्टरनं घंटी एकदा मारली तर काय आणि दोनदा मारली तर काय, संत्री आतून फाकी-फाकीची आणि पेरू सलग का, दवाखान्यातला डॉक्टर जीभच का बघतो, हात का नाही? चौथीपर्यंत शाळा झालेली, मराठी अक्षर अक्षर जुळवून वाचता येई, पण प्रश्न मात्र बी.ए. झाल्यासारखे. नवरा नत्थूजी हातमागावर बसायचा. हो आणि नाही एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा, त्यामुळे हे सगळे प्रश्न एकुलत्या एका लेकीच्या, गोपिकेच्या वाट्याला येत.

बहात्तर साली गोपिका मॅट्रिकला बसली. पेपर संपले त्याच आठवड्यात मनोहरराव मास्तर घरी आले. हे हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर, दोन गल्ल्या सोडून राहायचे. अंगानं काडी, आणि खोकला इतका की बोलणं आधी संपेल की खोकला, सांगता येत नसे. त्यांच्या हातात सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांची चळत होती.

"जिजाबाई, पोरगी हुशार आहे," मास्तर म्हणाले. "सिव्हिल लाइन्सकडे एक मुलींचं कॉलेज आहे, सगळं इंग्रजीत. मराठी शाळेतल्या तीस मुली दरवर्षी परीक्षा घेऊन घेतात, त्यांना फी माफ. गणितात गोपिका हटायची नाही. पण तिथं पोरी गळतात त्या इंग्रजी शब्दांवर. आपण शाळेत शिकवतो ते शब्द साधे, हे विचारतात जड. ही आठशेची यादी आहे, अर्थ मी मराठीत लिहून दिलेत. दीड महिना हातात आहे. होतील पाठ?"

"आठशे?" जिजाबाई म्हणाली. "दिवसाले त्याच्याहून जास्त बिड्या वळतो मी, मास्तर."

गोपिकेनं वर पाहिलं. आई नाही म्हणाली नव्हती, हेच तिला नवल वाटलं. तिला कॉलेजात जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. नाही तर पुढचं ठरलेलंच होतं. आईच्या शेजारी गोणपाट अंथरायचं, मांडीवर सूप घ्यायचं आणि पान कापायला लागायचं. वस्तीतल्या तिच्या बरोबरीच्या पोरी तशा बसल्याही होत्या.

दुसऱ्या दिवसापासून शब्दांचं काम सुरू झालं, आणि ते बिड्यांच्याच रीतीनं झालं, कारण जिजाबाईला दुसरी रीत येत नव्हती. यादीचे कागद तिनं कात्रीनं कापले. एकेका चिठ्ठीवर एक शब्द, वर मास्तरांचं इंग्रजी, खाली मराठी अर्थ. पंचवीस चिठ्ठ्या झाल्या की बिडीच्या दोऱ्यानं बांधून कट्टा करायचा. सकाळी जिजाबाई पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळू लागायची. समोर चिठ्ठ्या पसरलेल्या असत. हात आपलं काम करीत असत आणि डोळे मराठी अर्थ वाचीत असत. ती अर्थ सांगायची, गोपिकेनं इंग्रजी शब्द सांगायचा.

पण नुसता अर्थ वाचून जिजाबाईचं पोट भरत नसे. हा शब्द आहे कुणासाठी, हे तिला कळलं पाहिजे. मग माणूस शोधायचा. 'गॅरुलस, फार बडबड करणारा' आला की रंभाबाईचं नाव निघे, आणि तीन हात अंतरावर बसलेली रंभाबाई म्हणे, "मले इंग्रजीत शिव्या देऊन राहिल्या काय वं दोघी?" 'प्रोक्रॅस्टिनेट, आजचं काम उद्यावर ढकलणं' म्हणजे नत्थूजी आणि घराची कौलं. 'फ्रुगल, काटकसरी' म्हणजे मास्तरांची बायको, जी चहाची भुकटी दुसऱ्यांदा उकळते. 'ऑब्स्टिनेट, हट्टी' निघाल्यावर मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या आणि दोघींनी दुसरीचं नाव घेतलं. 'मेटिक्युलस, बारीकसारीक गोष्टीतही चूक होऊ न देणारा' हा शब्द कुणासाठी, हे गोपिकेनं विचारलंच नाही, आईच्या हाताकडे बोट दाखवलं. जिजाबाई लाजली. इतका मोठा शब्द आपल्यासाठी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

असे कट्ट्यावर कट्टे बांधले जाऊ लागले. माणूस सापडला की शब्द पक्का, गोपिका विसरायची नाही. मास्तर येऊन परीक्षा घेत आणि खोकत खोकत खूश होत.

गडबड झाली ती 'कॉन्व्हलेसन्स'पाशी.

"आजार गेल्यावर अंगात ताकद येईपर्यंत घेतलेली विश्रांती," जिजाबाईनं वाचलं आणि थांबली. "म्हंजे काय वं? ताप गेला की मानूस कामाले लागते. त्याच्या मधात कोनता टाइम असते?"

"असन कुठं तरी, माय."

"कुठं? सांग एक नाव."

गोपिकेनं वस्ती आठवून पाहिली. वस्तीतल्या वस्तीत टायफॉइडातून उठलेले चार जण होते, त्यांत नत्थूजीही, आणि चारही जण तिसऱ्या दिवशी मागावर बसले होते. जिजाबाईनं चिठ्ठी उलटसुलट केली, सैल बिडी दाबून बघावी तशी, आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकली.

"हे काय?"

"छाट."

"मास्तरनं देला हाय नं तो शब्द!"

"ज्याचा कोनाले उपेग नाई तो शब्द परीक्षेत कोन विचारीन? ते शिकेल लोक हायेत, पागल थोडेच हायेत."

गोपिकेला हे पटलंही आणि नाहीही. पण आठशे शब्द आणि दिवस मोजके, त्यात शंभर कमी झाले तर कुणाला नको होते? मग डबा भरू लागला. 'सॉलिट्यूड, हवाहवासा एकांत' डब्यात. दोन खोल्यांत एकटं कोण असतं आणि असावंसं कुणाला वाटतं? 'इटिनररी, प्रवासाचा आखलेला क्रम' डब्यात. 'रेव्हरी, जागेपणी गोड विचारात हरवणं' तर तिनं रागानंच टाकला, कारण असं हरवलं की पान तिरपं कापलं जातं. 'एटिकेट, चारचौघांत वागायची रीत' गेला, 'ऑप्युलन्स, श्रीमंतीचा थाट' गेला. मे संपत आला तेव्हा कट्टे सत्तावीस झाले होते आणि डब्यात सव्वाशे चिठ्ठ्या होत्या. जिजाबाई समाधानात होती. तिच्या मते माल चोख झाला होता.

परीक्षेच्या दिवशी ऊन असं, की पाखरू बाहेर नाही. जिजाबाई लेकीबरोबर गेली, कमरेच्या पिशवीत लू लागू नये म्हणून कांदा, आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर निंबाखाली बसून राहिली. गोपिका बाहेर आली ती खाली मान घालून. बसमध्ये खिडकीशी जाऊन बसली. जिजाबाईला मात्र राहवेना.

"कोनते शब्द आले वं? सांग तं."

"चाळीस होते."

"आले नं सगळे?"

गोपिका खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अकरा डब्यातले होते."

जिजाबाईला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. वीस वर्षांत तिनं हजारो बिड्या टाकल्या होत्या, एकीचंही वाईट वाटलं नव्हतं. आता वाटलं. आपण आपल्या हातानं पोरीचे अकरा शब्द पिंपात टाकले, मास्तर देत होता आणि आपण टाकले. दिघोरीच्या बाजूनं येणारं गरम वारं तोंडावर घेत ती बसमध्ये रडली. लेकीनं ते पाहिलं.

जूनमध्ये कॉलेजचं पत्र आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. सत्तावीस मुली घेतल्या, जागा तीन उरल्या, त्या तिघींसाठी नऊ जणींना तोंडी परीक्षेला बोलावलं आहे, त्यात गोपिकेचा नंबर सातवा. आठ दिवसांनी यायचं.

मास्तर गेल्यावर गोपिका म्हणाली, "मी नाई जात."

"काहून?"

"सातवा नंबर हाय, जागा तीन. तिथं पाच जनी खुर्चीवर बसतीन, मले खालून वर पाहतीन, अन् म्हनतीन जा. लोकाच्या हातून कायले टाकून घ्याचं, माय?"

आणि तिनं कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं, सूप मांडीवर घेतलं आणि पान कापायला सुरुवात केली. हात चांगला होता पोरीचा. पहिलंच पान पत्र्याच्या मापाला धरून अगदी बरोबर कापलं.

जिजाबाई ते पान बघत राहिली. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कसं लागतं, ते तिला त्या दिवशी कळलं. तिनं नत्थूजीकडे पाहिलं. तो दारात बसला होता.

"तुयंच तं बोलून राहिली ते," नत्थूजी म्हणाला. महिन्याभरातलं त्याचं ते सर्वांत लांब वाक्य असावं.

दुसऱ्या दिवशी जिजाबाई तुपाचा डबा काखेत मारून मास्तरांच्या दारात उभी राहिली. "मास्तर, हे शब्द कुठं राहतात जी?"

"म्हणजे?"

"आमच्या वस्तीत तं यातला एकही नाई. पन असतीन तं कुठं तरी. कोनी वापरत असन म्हूनच तं विचारतात नं? मले ते पाहाचे हायेत."

मास्तर इतके हसले की खोकल्यानं बेजार झाले. पाणी पिऊन म्हणाले, "बंगल्यांत राहतात, जिजाबाई. सिव्हिल लाइन्समध्ये, नाहीतर कामठीच्या छावणीत."

कामठीला जिजाबाईची मावसबहीण कांताबाई होती. छावणीत एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर मुलं सांभाळायची. जिजाबाईनं त्या दिवशीच्या बिड्या रंभाबाईवर सोपवल्या आणि बस पकडली. बहिणीला वाटलं, काही वाईट बातमी आहे. कारण कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला, पण मागच्या दारानं आत घेतलं. एवढीशी बाई, पदराआड डबा, आणि बंगलाभर शब्द शोधत फिरते आहे! कांताबाईनं तिला जेवणाचं टेबल दाखवलं. एका माणसाला तीन काटे आणि दोन सुऱ्या, आणि कोणता आधी उचलायचा हे चुकलं तर हसं होतं. "म्हंजे एटिकेट," जिजाबाई म्हणाली आणि चिठ्ठी डब्यातून काढून कमरेच्या पिशवीत घातली. बाईसाहेबांच्या आरशाला शिमल्याच्या प्रवासाचा कागद खोचलेला होता, कांताबाईनं सांगितलं, कुठल्या तारखेला कुठं मुक्काम, सगळं आधीच लिहिलेलं. ही इटिनररी. जिजाबाईला ते फार आवडलं. जायच्या आधीच माणूस कागदावर जाऊन येतो.

मागच्या अंगणात, निंबाच्या सावलीत, वेताच्या खुर्चीवर साहेबांचा मोठा मुलगा पडला होता. पायावर चादर, हाताशी मोसंबीचा रस.

"काय झालं त्याले?" जिजाबाईनं विचारलं.

"टायफॉइड झालता. गेला महिनाभराआधी. आता काई नाई."

"मंग?"

"मंग काय? पडून राह्यते."

"कोनी उठ नाई म्हनत?"

"कायले म्हनीन?"

जिजाबाई तिथं किती वेळ उभी राहिली कोण जाणे. मुलगा कंटाळून पानं मोजत होता, थोडं हसत होता, पुन्हा डोळे मिटत होता. हळूहळू त्याच्या गालावर रंग येत असल्यासारखं तिला वाटलं. असा टाइम असतो तर. तिच्या नत्थूजीला मिळाला असता तर त्याची कंबर आज धड असती. राग आला तिला, खरंच आला, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं.

परतताना ती सक्करदऱ्याला उतरली आणि घराकडे न वळता तलावाच्या काठी जाऊन बसली. 'सॉलिट्यूड'ची चिठ्ठी डब्यातच राहिली होती, तिची परीक्षा घ्यायची होती. पहिली दहा मिनिटं तिला कसंसंच झालं. हाताला काम नाही, कुणी हाक मारत नाही, कुणी बघितलं तर म्हणेल हिचं डोकं फिरलं. मग पाण्यावर दोन बदकं दिसली. मग आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू आला. आपली आई जिवंत असती तर तिला हा बंगला कसा सांगितला असता, हे तिनं सगळं मनात सांगून टाकलं. उठवेना. शेवटी उन्हं कलल्यावर ती उठली आणि घरी येऊन गोपिकेसमोर डबा ठेवला.

"सॉलिट्यूड खरा शब्द हाय वं. म्या पाह्यला. बहुत चांगला हाय." मग ती खाली बसली. "मी चुकली, गोपे. जे म्या पाह्यलं नाई ते नाईच हाय, असं समजली. तुये अकरा शब्द माया हातानं गेले. त्यात तुयी खोट नाई."

गोपिका पान कापायची थांबली. "पन ते टाकतीनच मले."

"टाकतीन तं टाकतीन. टाकाचं काम त्याईचं हाय, त्याईलेच करू दे. आपन कायले त्याईचं काम हलकं कराचं?"

हे बोलताना तिचा आवाज कापत होता, म्हणूनच बहुधा गोपिकेला ते खरं वाटलं. पुढचे सहा दिवस दोघींनी डब्यातल्या चिठ्ठ्यांचे कट्टे बांधले. जिजाबाई बंगल्यातली माणसं सांगायची, गोपिका शब्द सांगायची.

तोंडी परीक्षेला नऊ मुली आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं व्हरांड्यातल्या बाकांवर बसली होती. कुणाचे वडील कोटात, कुणाची आई चष्म्यात. जिजाबाई बाकाच्या अगदी टोकावर, अर्धी बाहेर. गोपिका आत गेली आणि पाऊण तास आतच राहिली. बाहेर आली तेव्हा घामानं भिजली होती.

"कोनते शब्द विचारले?"

"एकही नाई, माय. आई काय करते म्हनून विचारलं. म्या सांगतलं. मंग बिडी कशी वळतात ते सांग म्हने, इंग्रजीत." गोपिकेला हसू आवरेना आणि रडूही. "पान कापाच्या पत्र्याले काय म्हनतात, दोऱ्याच्या गाठीले काय म्हनतात, मास्तरच्या आठशेत काईच नाई! म्या हातानंच करून दाखवलं. अन् मेटिक्युलस म्हनलं. तुयासाठी."

"मंग?"

"एक बाई हसली."

एवढं ऐकलं आणि जिजाबाईनं आशा सोडली. हसली म्हणजे झालंच. तपासनीससुद्धा टाकण्याआधी हसतो. बिड्यांचं नाव काढायलाच नको होतं, पण पोरगी तरी काय करणार, विचारलं तर खोटं बोलणार? तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

तासाभरानं कारकून कागद घेऊन पायरीवर आला. "ज्यांची नावं वाचतो त्यांनी थांबायचं, ऑफिसात यायचं. बाकीच्यांनी घरी गेलं तरी चालेल."

पहिलं नाव दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. जिजाबाई उठली. पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि भराभर फाटकाकडे चालू लागली. कुणी जा म्हणण्याच्या आधी फाटकाबाहेर पडलेलं बरं. सहा दिवस लेकीला शिकवलेलं सगळं पायांना ठाऊकच नव्हतं. मागून दुसरं नाव ऐकू आलं, तेही दुसऱ्याचं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि आणखी झपाझप पावलं टाकली. फाटकाच्या कडीला हात लावला तोच गोपिकेनं मागून तिचा दंड धरला.

"माय! कुठं जाऊन राहिली?"

"घरी. चाल लवकर."

"थांबाचं हाय आपल्याले."

"कोनी सांगतलं?"

"त्यानंच. तिसरं नाव मायं हाय!"

जिजाबाईनं वळून पाहिलं. कारकून पायरीवरून हात हलवत होता, इकडे या, इकडे या. आनंद झाला होता, आणि त्याच्याबरोबर शरमही वाटत होती, कारण आयुष्यात एकदा जे ऐकायला मिळायचं होतं ते वाचलं जात असताना ती पाठ फिरवून चालली होती. पदरानं तोंड पुसत ती लेकीच्या मागून परत पायरीपाशी आली. कारकून आत वळला होता.

"बाबू," तिनं हाक मारली. कुणाकडे काही मागायची तिची ही पहिलीच खेप असावी. "ते तिसरं नाव पुन्हा एकडाव वाचता काय जी? मी चाल्ली गेलती. म्या नाई ऐकलं."

कारकुनानं तिच्याकडे पाहिलं, मग गोपिकेकडे. मग त्यानं कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं वाचलं, "कुमारी गोपिका नत्थूजी बारापात्रे."